होंडा सीटी ७० जशी होती तशी करायची आहे: ओरिजिनल पार्ट कुठे आणि कसे शोधायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी शेजारच्या गराज सेलमधून होंडाची सीटी ७० ही मिनीबाइक घेतली. विकणाऱ्याने साल १९७० सांगितलं. इंजिन किकने फिरतं, पण सुरू होत नाही. हेडलाइट गायब, सायलेन्सर भलत्याच गाडीचा ठोकून बसवलेला, सीट फाटलेली, आणि मूळ रंगावर कुणीतरी डब्यातला लाल स्प्रे मारलेला. त्यांना गाडी मुळात जशी होती तशी करायची आहे. ओरिजिनल पार्ट कुठे मिळतील, अस्सल-नक्कल कशी ओळखायची आणि कशाकशासाठी ओरिजिनलचा हट्ट धरायचा, असं त्यांनी विचारलं आहे.

मी ओहायोत राहतो. गेली बावीस वर्षं सुट्टीच्या दिवसांत या छोट्या होंडा उभ्या करतोय. माझ्या हातून झालेल्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. गाडीवरचं काहीही टाकू नका. गंजलेला स्क्रू, तुटका क्लिप, चिरलेला रबरी बुश, फाटलेलं सीट कव्हर, काहीच नाही. झिप लॉकच्या पिशव्या आणा, प्रत्येक पिशवीवर लिहा ‘पुढचा मडगार्ड, डावा’, ‘चेनकव्हर, मागचा बोल्ट’, आणि सगळ्या एका खोक्यात ठेवा. तुम्ही जगभर ज्या ओरिजिनल पार्टच्या मागे लागणार आहात, त्यातला निम्मा माल तुमच्या गराजमध्येच गंजाखाली पडलेला आहे. माझी पहिली गाडी मी उत्साहाच्या भरात खोलली आणि ‘हे तर कामातून गेलं’ म्हणत अर्धी बादली भरून पार्ट कचऱ्यात दिले. त्यात हँडल दुमडायच्या दोन्ही मुठी होत्या. त्यांचं क्रोम खराब होतं, पण आटे शाबूत होते. तशा दोन मुठी परत मिळवायला मला पावणेदोन वर्षं लागली.

आता गाडीची ओळख पटवू. साल विकणाऱ्याच्या तोंडून घ्यायचं नाही, नंबरावरून घ्यायचं. सीटी ७० अमेरिकेत आली १९६९ मध्ये. पहिलं रूप के-झिरो, ते १९७१ पर्यंत चाललं. १९७२ ला के-वन आलं, त्यापुढे के-टू, के-थ्री. १९८२ नंतर गाडी बंद झाली आणि १९९१ ते १९९४ या काळात पुन्हा निघाली. के-झिरोच्या फ्रेमचे नंबर सीटी७०-१००००१ पासून सुरू होतात. हँडलच्या गळ्यापाशी नंबराची पट्टी असते, ती आधी शोधा. अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर ती रुपेरी होती, म्हणून इथले शौकीन त्यांना ‘सिल्व्हर टॅग’ म्हणतात आणि त्यांना जास्त भाव देतात. तुमच्या पट्टीवर स्प्रे बसलेला असेल. तो सँडपेपरने मुळीच घासू नका. कापसावर थोडं थिनर घेऊन हलकेच पुसा, अक्षरं वर येतील. इंजिनचा नंबर वेगळा असतो, तो डाव्या बाजूला क्रँककेसच्या खालच्या भागावर कोरलेला असतो. दोन्ही लिहून घ्या.

हे दोन नंबर का हवेत? एक तर या गाड्यांची इंजिनं पन्नास वर्षांत सर्रास बदलली गेली आहेत. दुसरं म्हणजे १९७० च्या सुमारास सीटी ७०-एच नावाची बहीण निघाली होती. तिला हाताचा क्लच आणि चार गिअर, तर साध्या सीटी ७० ला ऑटोमॅटिक क्लच आणि तीन गिअर. हँडलवर क्लचचा लिव्हर आहे का बघा. असेल, तर गाडी मुळातच एच आहे की मधे कुणीतरी इंजिन बदललंय, ते दोन्ही नंबरांवरून ताडून बघा. आणि टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, छापलेलं साल पुष्कळदा गाडी विकली गेली त्या वर्षीचं असतं, बनली त्या वर्षीचं नव्हे. त्यामुळे तुमची ‘१९७० ची’ गाडी १९६९ ची निघाली तर आश्चर्य मानू नका. टायटल मात्र विकणाऱ्याकडून आताच मागून घ्या. पुढे तो दुसरीकडे राहायला गेला की कागद मिळणं अवघड होतं.

यानंतरचं काम म्हणजे होंडाच्या पार्ट नंबराची भाषा शिकणं. एवढं एक जमलं की शोध निम्मा सोपा होतो. जुन्या होंडाचा पार्ट नंबर तीन तुकड्यांत असतो. पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात. १६१०० म्हणजे आख्खा कार्ब्युरेटर, १७५०० म्हणजे पेट्रोलची टाकी, १८३०० म्हणजे सायलेन्सर, ७७२०० म्हणजे सीट. होंडाची गाडी कुठलीही असो, हे आकडे तेच राहतात. मधले तीन आकडे सांगतात की तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला. सीटी ७० चा आकडा ०९८, तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे झेड ५०-ए मिनी ट्रेलचा, ०४५. शेवटचा तुकडा आवृत्तीचा असतो, त्यात कुठली सुधारणा झाली, कुठला रंग हे येतं.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. इथे एका जत्रेत माझ्यासमोर सायलेन्सर आला. चिठ्ठी होती ‘सीटी ७०, नवा, जुन्या स्टॉकचा’. पिशवीवर छापलेल्या नंबराच्या मधोमध ०४५ होतं. म्हणजे तो झेड ५० चा. विकणारा माणूस प्रामाणिक होता, त्यालाच माहीत नव्हतं. उलटही होतं. तुमच्या गाडीच्या पार्ट लिस्टमध्ये मधले आकडे ०९८ नसलेले कितीतरी नंबर दिसतील. ते पार्ट आधी दुसऱ्या होंडासाठी बनले आणि मग तुमच्या गाडीलाही लावले गेले. असे पार्ट ‘सीटी ७०’ या नावाने शोधून मिळत नाहीत, नंबराने शोधले की दुसऱ्याच गाडीच्या नावाखाली स्वस्तात मिळतात. शोधताना नंबर एकदा आडव्या रेघांसकट आणि एकदा रेघांशिवाय टाका. होंडा काही नंबर नंतर बदलते, जुना नंबर रद्द होऊन नवा लागतो. तेव्हा डीलरच्या काउंटरवर जुना नंबर देऊन ‘याच्या जागी आता कुठला?’ हे विचारायला विसरू नका. आणि तुमच्या आवृत्तीची पार्ट लिस्ट मिळवाच. त्यातली सुट्या भागांची चित्रं समोर असली म्हणजे वायसर आधी की बुश आधी हा प्रश्न उरत नाही.

इंजिनबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता. मला विचाराल तर इंजिन सोडा, पत्र्याची काळजी करा. हे ७२ सीसीचं आडवं चार-स्ट्रोक इंजिन सुपर कब घराण्यातलं आहे, आणि सुपर कब म्हणजे २०१७ मध्ये ज्यांचा एकूण आकडा दहा कोटींवर गेला त्या गाड्या. पिस्टन, रिंगा, गॅसकेट, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह हे सगळं आजही मिळतं आणि चांगल्या प्रतीचं मिळतं. तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४७ मिलिमीटर. सिलिंडर झिजला असेल तर मोजून बोअर मारून घ्या आणि ओव्हरसाइझ पिस्टन घाला. इथेही नंबराची भाषा कामाला येते: १३१०१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, १३१०२ म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, १३१०३ अर्धा, १३१०४ पाऊण, १३१०५ पूर्ण एक मिलिमीटर मोठा. कधीकधी जुन्या स्टॉकमध्ये १३१०४ स्वस्तात पडून असतो, कारण लोक स्टँडर्डच शोधतात. आधी तो हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर मारा. उलट क्रमाने करणारा माणूस बोअर मारून बसतो आणि पिस्टन शोधत फिरतो.

इंजिन सुरू न होण्याचं कारण बहुतेक पॉइंट आणि कार्ब्युरेटर यांच्यातच असेल. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन ठिपके, वर्षानुवर्षं पडून असले की त्यांच्यावर पांढरट थर चढतो आणि करंट जात नाही. बारीक कानशीने एकदा हलका हात मारा, कोरा कागद मधे ओढून पुसा आणि गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा. प्लग एनजीके सी७एचएस. एवढ्यावर ठिणगी आली तर कॉइल शोधायची गरजच नाही.

कार्ब्युरेटरबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे लोक ओरिजिनल हातचं घालवतात. तुमच्या गाडीवर केहिनचा कार्ब्युरेटर असणार. तो आतून हिरवा-तपकिरी झालेला असतो, जुन्या पेट्रोलचा चिकट गोंद असतो, फ्लोट चिकटलेला असतो. अशा वेळी बाजारात मिळणारं वीस डॉलरचं रिपेअर किट आणून माणूस आतले सगळे जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या, काढून टाकतो आणि नवे घालतो. असं करू नका. किटमधले रबर आणि गॅसकेट घ्या. जुने पितळी जेट आणि सुई मात्र ठेवा. किटमधल्या जेटचं भोक नेमकं असतंच असं नाही, सुईचा उतार वेगळा असतो, आणि मग गाडी निम्म्या थ्रॉटलवर अडखळते आणि कारण सापडत नाही. माझ्याकडे एक कार्ब्युरेटर आला होता, त्याचा पायलट जेट दिव्यासमोर धरला तर उजेडाचा कणही दिसत नव्हता. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवला, सकाळी विजेच्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार घेऊन हळूहळू आत फिरवली. तिसऱ्या दिवशी दिव्यासमोर धरला आणि सुईच्या टोकाएवढा गोल, स्वच्छ उजेड दिसला. तोच जेट आज चौदा वर्षं चालतोय. ड्रिलचं पातं किंवा पिन कधीही घालू नका, भोक एकदा मोठं झालं की तो जेट गेला.

आता खरी अवघड गोष्ट, म्हणजे जे फक्त सीटी ७० लाच होतं आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीला नव्हतं: हेडलाइटचं शेल (बाहेरचं भांडं), सायलेन्सर आणि त्यावरचं क्रोमचं कवच, चेनकव्हर, सीट, मडगार्ड, बिल्ले. पोरं ही गाडी शेतात, ओढ्याकाठी पळवायची. पडायची, आपटायची, आणि हेडलाइट आधी जायचा. म्हणून तुमच्याकडे तो नाही आणि म्हणूनच तो महाग आहे.

शोधायच्या जागा मी चार सांगतो, मला जास्त भरवशाच्या वाटतात त्या क्रमाने.

पहिली म्हणजे जुने होंडा डीलर, आणि तेही शहरातले नव्हेत, आडगावचे. सत्तरच्या दशकात या छोट्या गाड्या शेतकऱ्यांच्या घरांतही गेल्या, आणि त्यांचे पार्ट गावातल्या दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहिले. इंडियानात एका छोट्या गावी असंच एक दुकान होतं, आता ट्रॅक्टर आणि गवत कापायची यंत्रं विकायचं. मी काउंटरवर ‘सीटी ७० चे पार्ट आहेत का’ विचारलं. मुलगा कॉम्प्युटरवर बघून नाही म्हणाला. तेवढ्यात मागून एक म्हातारे मेकॅनिक आले, त्यांनी विचारलं, ‘नंबर काय?’ मी खिशातला कागद काढून दिला. त्यावर अकरा नंबर होते. ते काही न बोलता मला मागे घेऊन गेले. लाकडी खणांची भिंत होती, प्रत्येक खणावर पेन्सिलने पहिले दोन आकडे लिहिलेले. १६, १७, १८. एकेक खण ओढत गेले. अकरातले चार मिळाले, त्यात पिवळट पडलेल्या पिशवीत तेलकट कागदात गुंडाळलेला पॉइंटचा सेट होता आणि एक चेनकव्हरचा रबरी ग्रोमेट. किंमत त्यांनी पिशवीवरच्या जुन्या चिठ्ठीवरचीच लावली. मी जास्त देऊ केले तर घेतले नाहीत, गाडी झाली की फोटो पाठव एवढंच म्हणाले. तेव्हा दुकानात जाताना गाडीचं नाव घेऊन जाऊ नका, नंबरांचा कागद घेऊन जा. फोन करू नका, स्वतः जा. फोनवर उत्तर कॉम्प्युटर देतो, आणि मागच्या खोलीतला हा माल त्याला ठाऊक नसतो.

दुसरी जागा म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रा, ज्यांना इथे स्वॉप मीट म्हणतात. ओहायोत लेक्सिंग्टनजवळ मिड-ओहायोच्या रेस ट्रॅकवर जुलैत व्हिंटेज मोटरसायकल डेज भरतो, तिथला बाजार फिरायला दीड दिवस लागतो. आयोवात डॅव्हनपोर्टला लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास मोठी जत्रा असते. न्यू जर्सीहून मिड-ओहायो एका दिवसाच्या ड्रायव्हिंगवर आहे, एकदा याच. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही: जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर ढीग, ढिगात हात घालून शोधायचं. पहाटे जा, हातात बॅटरी असू द्या, आणि तुमचे जुने तुटके पार्ट नमुना म्हणून बरोबर न्या. तुटका हँडलचा नॉब समोर धरला की विकणारा ढिगातून दुसरा काढून देतो. नावाने विचारलं तर त्याला कळत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी किमती उतरतात, पण हेडलाइट शेलसारखी वस्तू तोवर राहत नाही. मोठ्या वस्तू पहिल्या तासात, बारीकसारीक शेवटच्या तासात.

तिसरी जागा समुद्रापलीकडची. हीच गाडी जपानात आणि युरोपात डॅक्स नावाने विकली गेली, एसटी ५० आणि एसटी ७० म्हणून. तिथे तिचं वेड इथल्यापेक्षा जास्त आहे. नेदरलँड्समधलं सीएमएस आणि इंग्लंडमधलं डेव्हिड सिल्व्हर स्पेअर्स या दोन ठिकाणी जुन्या होंडाचा मूळ माल नंबरानिशी मिळतो. नंबर टाका, शिल्लक असेल तर दिसेल. जपानच्या लिलावांत सीधं परदेशातून बोली लावता येत नाही, तिकडचा मध्यस्थ लागतो. तो तुमच्या वतीने घेतो आणि एकत्र बांधून पाठवतो. चारपाच पार्ट जमल्यावर एकदमच मागवा, नाहीतर पोस्टेजमध्येच पैसे जातात. पण डॅक्सचा प्रत्येक पार्ट तुमच्या गाडीला चालेलच असं धरू नका. स्पीडोमीटर तिकडचा किलोमीटरचा, तुमचा मैलांचा. दिवे आणि वायरिंगमध्येही देशागणिक फरक आहेत. फ्रेमच्या जवळचे, पत्र्याचे आणि लोखंडाचे पार्ट घ्यायला हरकत नाही, विजेचे घेताना नंबर जुळवूनच घ्या.

चौथी, म्हणजे दुसरी मोडकी गाडी घेणं. ज्या गाडीचं इंजिन गेलंय, कागद नाहीत, फ्रेम कुजली आहे, अशी गाडी सुट्या पार्टच्या एकूण किमतीपेक्षा स्वस्त पडते. पण जी गाडी पूर्ण आहे, नुसती मळलेली आहे, ती पार्टसाठी फोडू नका. अशी गाडी परत बनणार नाही. मला दोन वेळा असा मोह झाला आणि दोन्ही गाड्या मी तशाच दुसऱ्या शौकिनांना दिल्या. त्यातली एक आज माझ्या गाडीपेक्षा छान दिसते.

आता खरं-खोटं. ‘जुन्या स्टॉकचा नवा’ या शब्दांवर जाऊ नका. मी एकदा होंडाच्या छापील पिशवीतला सायलेन्सर भरपूर पैसे देऊन घेतला. पिशवी खरी होती, आतला सायलेन्सर नकली होता. कुणीतरी पिशवी जपून ठेवली होती आणि तिच्यात तैवानचा की चीनचा माल घातला होता. घरी आणून माझ्या जुन्या कुजलेल्या सायलेन्सरशेजारी ठेवला तेव्हा दोन मिनिटांत कळलं, पण तोवर विकणारा निघून गेला होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो. एक, पत्र्याची कड. ओरिजिनलची कड आत वळवून गोल केलेली असते, बोट फिरवलं तरी टोचत नाही. नकलेची कड नुसती कापलेली, धार असते. दोन, वजन. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. माझ्या गाडीच्या दोन चेनकव्हरांत, एक अस्सल आणि एक नवीन नकली, हातात धरूनच फरक कळत होता. नकलेचा पत्रा पातळ होता. तीन, वेल्डिंग आणि ठसे. मूळ पार्टवर बनवणाऱ्या कारखान्यांचे बारीक ठसे असतात, दिव्यावर स्टॅन्ले, शॉकवर शोवा, कार्ब्युरेटरवर केहिन. ठसा नुसता असून चालत नाही, त्याची अक्षरं स्वच्छ हवीत. ओतीव नकलेत अक्षरांचे कोपरे गोलसर होतात. विकणाऱ्याला पार्टच्या पाठीमागचा फोटो मागा. पुढची बाजू कुणीही चकचकीत करू शकतो, खरी गोष्ट पाठ सांगते.

स्क्रूंचंही बघा, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. जुन्या होंडाचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे, जेआयएसचे असतात, पुष्कळांच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्याला इथला साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावला की तो वर उचलून निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. मग माणूस म्हणतो ‘स्क्रू मऊ आहे’. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर आणा, आधी दोन दिवस गंज सुटायचं तेल टाका, हातोडीने हलका टोला द्या, मग फिरवा. मूळ स्क्रू वाचले तर झिंक प्लेटिंग करून तेच परत लावा. गाडी बघणाऱ्या जाणत्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

रंगाचं सांगायचं तर तुमच्या लाल स्प्रेखाली मूळ रंग असणार. होंडाने त्या काळी कँडी रंग वापरले, कँडी रुबी रेड, कँडी सफायर ब्लू असे. खाली रुपेरी थर, त्यावर पारदर्शक रंग, त्यावर क्लिअर. हा रंग उन्हाने फिका पडतो, त्यामुळे उघड्यावरचा भाग बघून अंदाज चुकतो. सीट उचला, जिथे कधी ऊन लागलं नाही तिथे, बिजागरीच्या मागे किंवा एखाद्या ब्रॅकेटच्या खाली, स्प्रे थोडा पुसून बघा. मूळ रंग तिथे अजून ओला असल्यासारखा चमकतो. तिथला फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. पेंटरला तोच नमुना द्या. आणि जर स्प्रेखालचा मूळ रंग सत्तर टक्के शाबूत निघाला, तर माझं स्पष्ट मत आहे की गाडी रंगवू नका. स्प्रे हळूहळू काढा, महिना लागू द्या. ओरखड्यांसकटचा पहिला रंग कुठल्याही नव्या रंगाहून मोलाचा आहे.

क्रोमवरचा गंज दिसतो तेवढा खोल नसतो. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, हातमोजे घालून. सकाळी तपकिरी पाणी आणि खाली चमकदार क्रोम दिसेल. सायलेन्सरचं क्रोम पुन्हा करून घ्यायचं असेल तर एक अडचण आहे. प्लेटिंगवाले वापरलेला सायलेन्सर घेत नाहीत, कारण आतली काजळी त्यांच्या टाक्या खराब करते. वरचं कवच मात्र सुटं निघतं, ते नक्की करून मिळतं. म्हणून सायलेन्सर शोधताना आतली नळी थोडी कुजकी असली तरी चालेल, कवच बिनपोच्याचं बघा.

कशाकशासाठी ओरिजिनलचा हट्ट सोडायचा, तेही सांगतो. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, केबल, पेट्रोलचा पाइप. पन्नास वर्षांचं रबर कितीही काळंभोर दिसलं तरी आतून मेलेलं असतं. ४.००-१० मापाचे नवे टायर सहज मिळतात. ब्रेकचा जुना लायनर पट्टीपासून सुटून ड्रममध्ये अडकतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. शिवाय त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलचा पाइप नव्या जातीचाच लावा, इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. आणि एक महत्त्वाचं: तुमच्या गाडीची चाकं दोन भागांची आहेत, बोल्टने जोडलेली. टायर काढायला ते बोल्ट सैल करायच्या आधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हची पिनच काढून टाका. हवा असताना बोल्ट सुटला तर रिमचा अर्धा भाग तोंडावर उडतो. तुमच्या गराजमध्ये मुलं घोटाळत असतील, त्यांना त्या दिवशी आत येऊ देऊ नका.

सीटबद्दल माझा सल्ला मधला आहे. कव्हर नवं नकली घ्या, आता बरीच चांगली मिळतात. पण आतला लोखंडी पत्रा, बिजागरी आणि कडेची पट्टी तुमचीच ठेवा. तो पत्रा गंजला असला तरी वाळूने साफ करून, भोकं भरून, काळा रंग देऊन पुन्हा वापरता येतो. नकली पत्र्याची बिजागरी जुळत नाही आणि सीट एका बाजूला वाकडी बसते. फाटलेलं जुनं कव्हरही ठेवा, नव्याच्या शिलाईच्या ओळी त्याच्याशी ताडून बघता येतात.

हेडलाइटच्या शेलसाठी वेळ द्या. शोध चालू ठेवा, इंटरनेटवर नंबराने सूचना लावून ठेवा, आणि तोवर नकली शेल लावून गाडी चालवा. नकली लावणं म्हणजे हार मानणं नव्हे. मीच एका गाडीवर तीन वर्षं नकली शेल चालवलं. गाडी चालू राहिली की सील सुकत नाहीत, टाकी गंजत नाही, आणि घरच्यांचाही उत्साह टिकतो. पार्टाविना खोललेल्या अवस्थेत पडलेल्या गाड्याच शेवटी कुणाच्यातरी ताडपत्रीवर सुट्या सुट्या विकल्या जातात.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, लहानपणी तुमच्या गावी डॉक्टरांच्या मुलाकडे लाल ‘बॉबी’ होती आणि तुम्हाला कधी बसायला मिळालं नाही. ती राजदूत जीटीएस १७५. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसली आणि मग सगळे तिला बॉबीच म्हणायला लागले. आमच्या गावीही एक होती, आणि ती रस्त्यावरून गेली की मी शाळेच्या कुंपणाला चिकटून तिचा आवाज जाईपर्यंत उभा राहायचो. तेव्हा ही ओढ कुठून येते ते मला कळतं. फक्त एक करा, त्या आठवणीपायी या होंडाला बॉबीसारखं उंच हँडल लावायचा मोह होईल, तो आवरा. तुमच्या गाडीचं दुमडणारं हँडल ही तिची खूण आहे. ते दुमडून ती गाडीच्या डिकीत घालून नेता यावी म्हणूनच तशी बनवली होती.

या शनिवारी एवढंच करा: दोन्ही नंबर पुसून लिहून घ्या, सीटखालच्या मूळ रंगाचा फोटो काढा, कार्ब्युरेटर काढून क्लीनरमध्ये बुडवा, आणि काय काय नाही त्याची यादी नावाने न करता पार्ट लिस्टमधल्या नंबरांनी करा. ती यादी मला पाठवा. माझ्या खोक्यात ०९८ चे दोन-तीन ग्रोमेट आणि एक चेनकव्हरचा बोल्ट जास्तीचा आहे, तुमच्या आवृत्तीला बसत असेल तर पाठवून देतो.